जिंकले, पण कितीने?

माझ्या कपाटात एक २०० पानी वही आहे. उघडून बघितलीत तर हसाल. डाव्या पानावर बाळाच्या दुधाच्या वेळा, लंगोट किती भिजले, बाळंतिणीला झोप किती तास मिळाली... आणि उजव्या पानावर चक्क अमेरिकन फुटबॉलचे स्कोअर! २००७ च्या ऑक्टोबरात लेकीच्या बाळंतपणासाठी बॉस्टनजवळ जाऊन सहा महिने राहिले होते, तेव्हाची ही वही. परवा नातीनं फोनवर विचारलं, "आजी, ती वही अजून आहे का गं तुझ्याकडे?" नात आता १८ वर्षांची आहे. म्हटलं, आहे तर! आणि या निमित्तानं तुम्हालाही त्या वहीची गोष्ट सांगायची ठरवली. लेकीला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही आई, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

मी कराडला हायस्कुलात ३१ वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाले तरी आकडा दिसला की बेरीज करायची खोड गेली नाही. किराणा दुकानाच्या यादीपासून एसटीच्या तिकिटापर्यंत! त्यामुळे परक्या देशात, जिथे भाषा निम्मी कळायची आणि बाहेर पडायचं तर कुणीतरी गाडीतून न्यायला लागायचं, तिथे मला ओळखीचं वाटलं ते टीव्हीच्या कोपऱ्यातलं स्कोअरचं चौकोनी खोकं.

आमचे जावई एरवी मोजकं बोलणारे. पण रविवारी पेट्रियट्सची मॅच लागली की त्यांच्या अंगात यायचं. न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा तिथला, बॉस्टनवाल्यांचा लाडका संघ. हा फुटबॉल आपल्याला माहीत आहे तो नव्हे. चेंडू लंबगोल, आणि पायापेक्षा हातातच जास्त. डोक्याला हेल्मेट, खांद्यांना उशा बांधल्यासारखं काहीतरी, आणि एकमेकांच्या अंगावर धाडधाड आदळणं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अहो, ही मारामारी बघवत नाही हो!"

"आई, मारामारी बघू नका. हिशेब बघा," जावई म्हणाले, आणि त्यांनी समजावून सांगितलं. मैदान १०० यार्डांचं. ज्याच्याकडे चेंडू, त्या संघाला चार संधी. चार संधींत १० यार्ड पुढे सरकलात तर नव्या चार संधी. नाही सरकलात तर चेंडू समोरच्याकडे. पलीकडच्या टोकाला चेंडू पोचवला की टचडाऊन, त्याचे ६ गुण. वर एक लाथ मारून चेंडू खांबांमधून पाठवला की आणखी १. टचडाऊन जमत नसेल तर लांबूनच लाथ मारून खांबांमधून पाठवायचा, त्याचे ३. संपला खेळ! हे कळलं आणि मी वहीचं उजवं पान उघडलं.

मी पहिली आख्खी मॅच बघितली ती २८ ऑक्टोबर २००७ च्या रविवारची. लेक अवघडलेली, पाय स्टुलावर ठेवून बसलेली. मी लाडवांसाठी डिंक तळत होते आणि एक डोळा टीव्हीवर. पेट्रियट्स विरुद्ध वॉशिंग्टन. पेट्रियट्स त्या मोसमात तोवर सातच्या सात सामने जिंकले होते. वॉशिंग्टनचा संघही काही लेचापेचा नव्हता बरं का. सहापैकी चार सामने जिंकून आलेला, आणि त्यांचे प्रशिक्षक जो गिब्स म्हणजे तीन सुपर बोल जिंकलेला माणूस.

निम्मी मॅच झाली तेव्हा स्कोअर २४-०. संपली तेव्हा ५२-७!

मी वहीत ५२ ची फोड केली. सात टचडाऊन, त्यावरच्या सात लाथा, म्हणजे ४९. आणि लांबून मारलेली एक लाथ, ३. झाले ५२. ती सात टचडाऊन कुणाकुणाची? टॉम ब्रॅडी हा त्यांचा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक म्हणतात त्याला. त्यानं तीन टचडाऊन चेंडू फेकून करून दिली आणि दोन स्वतः पळून केली. एक केलं बचाव करणाऱ्या गड्यानं, समोरच्याचा निसटलेला चेंडू उचलून. आणि सातवं ब्रॅडीच्या जागी शेवटी उतरवलेल्या राखीव खेळाडूनं, मॅट कॅसलनं. ब्रॅडीनं ३८ वेळा चेंडू फेकला, २९ वेळा तो आपल्याच माणसाच्या हातात गेला. म्हणजे शंभरात ७६. आमच्या शाळेत एवढ्याला विशेष प्रावीण्य मिळायचं. गंमत म्हणजे त्या तीन फेकींपैकी एक झेलली माइक व्रेबलनं, आणि हा गडी मुळात बचावातला. म्हणजे स्वयंपाकाला आलेल्या बाईनं जाता जाता अंगणही सारवून द्यावं, तसं.

वॉशिंग्टनचे ७ गुण आले ते अगदी शेवटी, ५२-० झाल्यावर.

पण त्या रात्री जेवताना आमच्यात वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. चौथ्या क्वार्टरमध्ये पेट्रियट्स ३८-० असे पुढे होते. चौथी, म्हणजे शेवटची संधी आली. लाथ मारून सरळ ३ गुण घेता आले असते. पण प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी चेंडू पुढेच न्यायला लावला, आणि आणखी एक टचडाऊन केलं. माझ्या मनाला ते लागलं. आमच्या शाळेच्या मुली कबड्डीत तालुक्याला लोणावर लोण चढवायच्या, तेव्हा आमचे सर शेवटची पाच मिनिटं राखीव मुलींना उतरवायचे. समोरच्या गावच्या मुलीही कुणाच्या तरी लेकीच ना!

"आई, हे प्रोफेशनल आहेत. पगार घेतात. त्यांना दया दाखवणं हाच अपमान," जावई म्हणाले.

"आणि सप्टेंबरात यांना दंड झाला होता ना, दुसऱ्या संघाच्या खाणाखुणांचं शूटिंग केलं म्हणून?" लेकीनं त्यांना चिमटा काढला. ते खरंच होतं. प्रशिक्षकाला ५ लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला होता. "तो राग काढतायत सगळ्यांवर."

त्या दिवशी तिथल्या घराघरांतून हाच वाद चालला असणार. मी मात्र जावयांकडून आधीच्या सात सामन्यांचे स्कोअर घेतले आणि उजवं पान पूर्ण केलं. किती गुणांनी जिंकले? २४, २४, ३१, २१, १७, २१, २१, आणि आता ४५. आठ सामने, मिळवलेले गुण ३३१, दिलेले १२७. सरासरी साडेपंचवीस गुणांनी विजय! सगळ्यात काठावरचा विजयसुद्धा १७ गुणांचा. मी म्हटलं, हे काही हरत नाहीत आता.

नोव्हेंबरात दिवाळी झाली आणि पाठोपाठ नात आली. त्या आठवड्यात पेट्रियट्सनी बफलोला ५६-१० असं धुतलं. मग डावं पान भरू लागलं. दोन-दोन तासांनी दूध, शेक-शेगडी, धुरी नाही पण बाळंतशोपा, खसखशीची खीर. मुलीची झोप किती, तेही लिहायची. माझी आई माझ्या वेळी तोंडी हिशेब ठेवायची, मी लिहून ठेवला, एवढंच.

कराडहून ह्यांचा फोन यायचा. "काय, कसं आहे सगळं?" मी सांगायची, "बाळ-बाळंतीण सुखरूप!" जावयांच्या ऑफिसातल्या मैत्रिणी विचारायच्या, लेक हसून म्हणायची, "ऑल गुड!" आणि रविवारी पेट्रियट्स जिंकायचे. नवव्या, दहाव्या, अकराव्या, बाराव्या वेळी. आमच्या घरात दोन्ही पानं जिंकत चालली होती.

२९ डिसेंबरला पेट्रियट्सची नेहमीच्या मोसमातली शेवटची मॅच झाली. न्यूयॉर्क जायंट्सना ३८-३५ नं हरवलं. सोळापैकी सोळा! १९७८ पासून मोसमात १६ सामने व्हायला लागले, तेव्हापासून हे कुणालाच जमलं नव्हतं. एकूण गुण ५८९, हाही तोवरचा विक्रम. जावयांनी पेढ्याऐवजी डोनट आणले. मी वही काढली, वार्षिक निकाल लावायला!

१६ सामन्यांत मिळाले ५८९, दिले २७४. फरक ३१५. भागिले १६, सरासरी १९.७. उत्तम निकाल! खाली रेघ मारणार तेवढ्यात जुनी सवय आडवी आली. शाळेत आम्ही सहामाही आणि वार्षिक परीक्षेचे गुण वेगळे लिहायचो, मूल कुठे चाललंय ते कळावं म्हणून. मी १६ चे दोन भाग केले, आठ आणि आठ.

पहिल्या आठांची सरासरी साडेपंचवीस. आणि दुसऱ्या आठांची? ४, ४६, ३, ३, २१, १०, २१, ३. बेरीज १११. सरासरी १३.९. निम्म्यावर आली होती की!

त्यातही बफलोचा तो ४६ चा एकच विजय सगळ्यांना वर उचलून धरत होता. मुलांना शिकवायचे तसा मध्यक काढला. मध्यक म्हणजे सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायचे आणि मधला घ्यायचा. एखादा फार मोठा आकडा असला तरी त्याला फसवता येत नाही. पहिल्या आठांचा मध्यक साडेबावीस. दुसऱ्या आठांचा ७. अवघा सात!

मी जावयांना बोलावलं. म्हटलं, "हे बघा. या चार मॅच तर ३-४ गुणांच्याच आहेत." त्यांनी आठवून सांगितलं. इंडियानापोलिस, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि ही जायंट्सची. चारही वेळा पेट्रियट्स चौथ्या क्वार्टरमध्ये मागे होते. बाल्टिमोरच्या मॅचमध्ये तर त्यांची शेवटची संधी अडवलीच गेली होती. पण बाल्टिमोरच्याच बाकावरून ऐन वेळी टाइम-आऊट मागितला गेला, म्हणून ती संधी पुन्हा मिळाली. एवढ्याशा गोष्टीवर तो विजय तरला.

मग मी कुठे घसरलं तेही बघितलं. समोरच्याला दिलेले गुण फार वाढले नव्हते. पहिल्या आठांत सामन्याला १५.९, दुसऱ्या आठांत १८.४. कमी झाले होते ते स्वतः मिळवलेले, ४१.४ वरून ३२.३ वर. थंडीवाऱ्यात चेंडू फेकणं अवघड, हे एक. ब्रॅडीला चेंडू फेकायला वेळच द्यायचा नाही, हे समोरचे शिकले होते, हे दुसरं. आणि खूप मोठा आकडा पुढे थोडा खाली येतोच, हा संख्याशास्त्राचा साधा नियम, हे तिसरं. आमचा वर्गातला पहिला आलेला मुलगा प्रत्येक चाचणीत शंभरपैकी शंभर कुठे आणायचा?

"पण आई, जिंकले ना ते?" जावई म्हणाले.

"जिंकले," मी म्हटलं. "पण कितीने?"

आणि हे म्हणता म्हणता माझी नजर डाव्या पानावर गेली.

खरं सांगते मैत्रिणींनो, पोटात धस्स झालं. सहा आठवडे मी रोज आकडे लिहीत होते आणि एकदाही वाचले नव्हते. बाळाचं उत्तम चाललं होतं. वजन वाढत होतं, रात्रीची झोपही सलग व्हायला लागली होती. बाळाची झोप वाढली की आईची वाढायला हवी ना? लेकीचा रकाना उलटा चालला होता. पहिल्या पंधरवड्यात साडेपाच तास, मग साडेचार, शेवटच्या आठवड्यात कधी तीन, कधी अडीच. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी! खिरीची वाटी अर्धी परत यायची, त्याचीही नोंद होती. माझ्याच अक्षरात. आणि वर मी फोनवर सांगत होते, सुखरूप!

लेक लहानपणापासून सगळ्यात पहिली. रडणं तिला ठाऊक नाही, हरणं तर नाहीच. तिला "कशी आहेस?" विचारलं की "मस्त" हेच उत्तर येणार. तो निकाल होता. फरक कुणी विचारलाच नव्हता.

त्या रात्री जावई झोपल्यावर मी तिच्या खोलीत गेले. अंधारात उघड्या डोळ्यांनी पडली होती. मी काहीच विचारलं नाही, वही तिच्यासमोर धरली आणि तिचा रकाना दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मला बाळाकडे बघून काहीच वाटत नाही गं. मी फार वाईट आई आहे." आणि धाय मोकलून रडली. बाळंतपणात हुंदका न काढलेली माझी लेक!

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. तिथे तिला दहा प्रश्नांचा एक कागद दिला. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली, एडिंबरोच्या नावानं ओळखली जाते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. गेल्या सात दिवसांत पूर्वीसारखं हसू येतं का, विनाकारण स्वतःला दोष देता का, असे साधे प्रश्न. इथे मात्र जितके जास्त गुण, तितकी काळजी जास्त. तिला किती पडले ते लिहीत नाही. डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं खूप जणींना होतं आणि आपसूक जातं. पण दोन आठवडे उलटूनही गेलं नाही, तर तो आजार आहे. नाटक नव्हे, आळस नव्हे, आणि आईपणात कमी पडणं तर नव्हेच. उपचार सुरू झाले. आठवड्याला बोलायला जायचं ठरलं. रात्रीचं एक दूध जावयांनी बाटलीनं पाजायचं घेतलं. मी खिरीची सक्ती सोडली. तेही एक औषधच होतं म्हणा!

३ फेब्रुवारी २००८ ला सुपर बोल झाला. मधल्या दोन बाद फेऱ्याही पेट्रियट्स जिंकले होते. १८ सामने, १८ विजय. समोर पुन्हा तेच जायंट्स. मोसमाचे पहिले दोन सामने हरलेला आणि एकंदर सहा पराभव खाल्लेला संघ. सगळं जग म्हणत होतं, पेट्रियट्स! मी वही मांडीवर घेऊन बसले होते. डिसेंबरचा तो ३ गुणांचा फरक काही डोक्यातून जात नव्हता.

१६ सामन्यांत मिळून ब्रॅडीला चेंडूसकट २१ वेळा पाडलं होतं. त्या एका रात्रीत जायंट्सनी ५ वेळा पाडलं. मोसमभर एकाही सामन्यात वीसच्या खाली न आलेला संघ १४ वर थांबला. तरी शेवटची अडीच मिनिटं राहिली तेव्हा १४-१० असे पुढेच होते. मग जायंट्सच्या डेव्हिड टायरीनं हेल्मेटला दाबून धरून एक अशक्य झेल घेतला आणि ३५ सेकंद उरली असताना टचडाऊन झालं. १७-१४. तीन गुणांनी हरले.

आकड्यांनी मला ते हरतील असं सांगितलं नव्हतं हं. आकडे भविष्य सांगत नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की आता यांचं जिंकणं एखाद्या लाथेवर, एखाद्या झेलावर येऊन ठेपलंय. आख्खा मोसम एकदाही न हरता, शेवटच्या सामन्यासकट जिंकणारा संघ एकच, १९७२ च्या मोसमातला मायामी डॉल्फिन्स. सतरापैकी सतरा. तोही शेवटचा सामना १४-७ असाच जिंकला होता. आणि ५२-७ नं मार खाल्लेला वॉशिंग्टनचा संघ? तो सावरला, ९ विजय आणि ७ पराभवांवर मोसम संपवून बाद फेरीतही गेला.

जावई सोफ्यावर डोकं धरून बसले होते. मी म्हटलं, "हळू हो. ती झोपलीय." लेक मॅच अर्धी झाली तेव्हाच झोपून गेली होती. सकाळी मी डाव्या पानावर लिहिलं, सहा तास. उजव्या पानावर लिहिलं, १४-१७. उजवं पान त्यानंतर कोरंच आहे. डावं पुढे मार्चपर्यंत भरलेलं आहे, साडेसहा, सात, एकदा चक्क आठ.

तुमच्या घरात, शेजारी कुणी बाळंतीण असेल तर तिला नुसतं "कशी आहेस?" विचारून सोडू नका. आपल्याकडे तिला "बरी आहे" म्हणायचंच शिकवलेलं असतं. तिला विचारा, काल किती तास झोपलीस? बाळ झोपलं की तुला झोप येते का? जेवण जातं का? आठवडाभराचे आकडे एका कागदावर लिहा आणि ते वाचा, माझ्यासारखे नुसते लिहून ठेवू नका. दोन आठवड्यांवर घसरण दिसली तर सरळ डॉक्टरांना गाठा. ते जवळ नसतील तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या नंबरवर.

परवा नातीशी बोलताना म्हटलं, "कॉलेज कसं चाललंय गं?"

"एकदम मस्त, आजी!"

"काल किती तास झोपलीस?"

थोडा वेळ गप्प राहिली. मग हसून म्हणाली, "पाच. आईला सांगू नकोस हं."

मी आईला सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी पुन्हा विचारणार आहे.